जागा न सोडणारा आकडा

आज सकाळी कुंपणातल्या तापमापकाच्या पांढऱ्या पेटीवर एक बुलबुल येऊन बसला. मी फाटक उघडेपर्यंत तो दरीवर तरंगत निघूनही गेला. मी वाकून पारा वाचला आणि घरात येऊन मुख्य कचेरीला फोन लावला.

डोंगरावरच्या आमच्या हवामान केंद्राला एक क्रमांक आहे. देशाच्या नोंदींत आम्ही त्या आकड्यानेच ओळखले जातो. केंद्र दुसरीकडे हलवलं, की नव्या जागेला नवा क्रमांक मिळतो आणि जुनी नोंद तिथेच थांबते. जागा हलली नाही, तरच तिचा आजचा पाऊस तिच्याच जुन्या पावसाशेजारी मांडता येतो. हे मला पटतंही. पण मी बदली मागितली, तेव्हा साहेब म्हणाले, "वर यायला दुसरं कुणी तयार नाही. तुम्ही गेलात, तर इतक्या वर्षांची सलग नोंद तुटेल हो."

बायकोला, सुशीलाला, हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे त्या कुंपणात आपणही आलोच."

फोनवर आज कुणी नवी मुलगी होती. मी क्रमांक सांगितला, पारा सांगितला.

"आणि नाव?" तिने विचारलं.

मी केंद्राचं नाव सांगितलं.

"ते इथे दिसतंय, काका. तुमचं नाव विचारतेय."

या फोनवर हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. "माझं नाव?" मीच उलट विचारलं. शेवटी स्वयंपाकघरातून सुशीलानेच माझं नाव मोठ्याने सांगितलं.