गच्चीवरचे बिबडे

चारुलता आमच्या डोक्यावर राहते, म्हणजे वरच्या मजल्यावर. शिरपूरची मुलगी, नवरा एसटीत. दोन वर्षं झाली, पण वर माणसं राहतात असं वाटतच नाही. खुर्च्यांच्या पायांना तिने सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधलेत. मिक्सर गोधडीच्या घडीवर ठेवून फिरवते. जिना पुसते तो थेट माझ्या दारापर्यंत, माझी रांगोळी तेवढी वाचवून. हे सगळं चांगलंच आहे. देवासमोर बसून खोटं कशाला लिहू, मला ते बघवत नाही.

मी या घरात नऊ वर्षांची भाडेकरू. घरमालकीण लताअक्कांचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, असले, की ज्वारीचा घाटा चुलीवरून उतरायच्या आत पहिली हाक मला यायची. बोटं पाण्यात बुडवून ओल्या धोतरावर घाटा थापायचा, पातळ आणि गोल. गल्लीत तो हात माझाच. यंदा चैत्रात अक्कांनी चारूला बोलावलं. आमच्याकडे घरच्यांसाठी वाटीभर घाटा आला, वर तेल घालून. माझी एकादशी होती. वाटी झाकून ठेवली आणि दिवसभर तिच्याकडे बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात चारूने स्वतःचे बिबडे काढले. आदल्या दिवशी दारोदार विचारून गेली, गच्चीवर कुणाचे गहू वाळत नाहीत ना, चुलीचा धूर कुणाला लागणार नाही ना. नऊ वाजेपर्यंत दोन खाटा भरल्या. मी अंघोळ करून वर गेले आणि पूजेचं लुगडं न पिळता खाटांच्या वरच्या दोरीवर टाकलं. लुगडं सोवळ्याचं. वाळेपर्यंत त्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हे चारूला पक्कं ठाऊक. दोरीला पलीकडे जागा होती. तेही लिहिते.

अर्ध्या तासाने वर डोकावले, तर चारू एकटीच खाटा ओढत होती. लुगड्याला शिवली नव्हती. एका खाटेवरच्या बिबड्यांचा पार चिखल झाला होता.

तेवढ्यात लताअक्का आल्या. "हाई पानी कोना लुगडानं शे व माय?"

चारूच म्हणाली, की दोरी कोकिळाताईंच्या, म्हणजे माझ्या, रोजच्या लुगड्याची आहे, तिच्याखाली खाटा मांडल्या ही आपलीच चूक. झालं. अक्कांपुढेही तीच गुणाची ठरली.

अक्का खाली गेल्यावर माझ्याच्याने राहवेना. "चारू, मी मुद्दाम टाकलं."

"माहितीये ताई," धोतर खरवडता खरवडता ती म्हणाली. "तुमचं लुगडं न पिळता कधी दोरीवर गेलंय का?"

मग म्हणाली, आणखी ज्वारी भरडून ठेवली आहे, उद्या शिजवते, थापायला या. अक्कांकडचे तिने थापलेले जाड झाले, भेगाळले, अक्कांनी तोंडावर सांगितलं म्हणे. "त्या दिवशी अक्का तुम्हालाच बोलावणार होत्या. पण तुमची एकादशी. म्हणाल्या, उपाशीपोटी उन्हात कशाला बसवायचं तिला."

हे खरं, की मला बरं वाटावं म्हणून बोलली? तिच्या बाबतीत काही सांगता येत नाही, आणि अक्कांना विचारायला तोंड नाही.

आज गेले. एका खाटेवर ती, एका खाटेवर मी. संध्याकाळी देवापुढे नाक घासलं, पुन्हा असं करणार नाही म्हणून. पण माझे गोल आले. तिचे नाहीत आले.