व्हिसा वाचवायला

अबुधाबीत वाढलेल्या मुलीने इंजिनिअरिंगसाठी तमिळनाडूत का जावं, याचं उत्तर आमच्या घरात कुणाकडेच नव्हतं. बाबांच्या वर्कशॉपमधल्या एका वेल्डरचा पुतण्या तिथे शिकला होता आणि त्याला नोकरी लागली होती. एवढ्या संशोधनावर माझी चार वर्षं ठरली.

कॉलेजच्या ऑफिसात फॉर्मवर 'अदर स्टेट' असा रकाना होता. क्लार्कने विचारलं, "विच स्टेट?" मी म्हटलं, "अबुधाबी." त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच 'महाराष्ट्र' लिहून टाकलं. महाराष्ट्रात मी कळायला लागल्यापासून सगळे मिळून सातेक महिने राहिले असेन, तेही कोल्हापुरात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, बहुतेक वेळ पोट बिघडलेल्या अवस्थेत. हॉस्टेलवर मला सगळ्या 'दुबई' म्हणायच्या. दुबई वेगळं, अबुधाबी वेगळं, हे मी दोन महिने समजावलं. मग सोडून दिलं, कारण मीही मदुराई आणि कोईमतूर यांत घोळ घालत होते.

आता नियम सांगते. अमिरातीचा रेसिडेन्स व्हिसा असलेला माणूस सलग एकशे ऐंशी दिवसांहून जास्त देशाबाहेर राहिला, की व्हिसा रद्द. मग तो माणूस दोन वर्षांचा असल्यापासून तिथे राहिलेला का असेना. म्हणून दर सहा महिन्यांनी मी तीन दिवसांसाठी घरी जायचे. याला आमच्याकडे 'व्हिसा वाचवायला येणं' म्हणत. ज्यांची मुलं बाहेर शिकत, त्या सगळ्यांच्या घरी हे चालायचं. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "सुट्टीला आलीस की व्हिसाला?" हॉस्टेलवर मात्र एवढ्यातेवढ्यासाठी विमानाने जाऊन येणारी मुलगी म्हणून माझ्याबद्दल वेगळाच अंदाज होता. एकीने मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं, सोनं नक्की कुठे लपवतेस.

हा सगळा हिशेब बाबांकडे होता. ते शहराबाहेर मुसफ्फाला एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये फोरमन होते. पहाटे कंपनीची बस घ्यायला यायची, आणि दिवसभर ते लोखंडी पत्रे मोजून कापून घ्यायचे. त्यांचा एकच नियम होता, मोजल्याशिवाय लिहायचं नाही. अंदाजाने माप लिहिणाऱ्याच्या हातात ते दुसऱ्या दिवशी झाडू द्यायचे. स्वयंपाकघरात गावाहून आणलेलं मराठी कॅलेंडर टांगलेलं असे. मी निघाले की त्या दिवसाच्या चौकोनात बाबा 'गेली' असं लिहीत आणि पुढच्या प्रत्येक चौकोनात पेन्सिलने आकडा टाकत. एकशे ऐंशीभोवती लाल गोल. मी घरात पाऊल टाकलं, चपला काढल्या, की 'आली'. त्याच कॅलेंडरवर आई गॅसचा सिलिंडर कधी लावला ते लिहायची. त्यामुळे 'लावला', 'गेली', 'संपला', 'आली' असं सगळं एकत्र वाचायला मिळे.

दुसरं वर्ष संपलं त्या उन्हाळ्यात मला तिकडेच एका कारखान्यात ट्रेनिंग मिळालं, म्हणून एप्रिलमध्ये घरी तोंड दाखवून वीस तारखेला परत निघाले. पुढची खेप ऑक्टोबरात. सोळा तारखेचं तिकीट बाबांनी काढून ठेवलं होतं.

आणि अठराला आयुधपूजा आली. म्हणजे आपली खंडेनवमी. तिकडे त्या दिवशी कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या सगळ्या मशिनींची पूजा होते, आणि दारात मोठा कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढतात. तो कुणी काढायचा, यावर हॉस्टेलमध्ये आठवडाभर राजकारण चाले. दोन वर्षं मी ते लांबून पाहिलं होतं. त्या वर्षी आमच्या मेसमध्ये कुणीतरी म्हणालं, "दुबईला काढू दे." ठिपक्यांची रांगोळी मला आईने शिकवली होती, फ्लॅटच्या दाराच्या आतल्या बाजूला, कारण बाहेर काढली की वॉचमन फडकं घेऊन हजर व्हायचा. इथे दहा फूट जागा मिळत होती. मला ती हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती.

शुक्रवारी बाबांचा हॉस्टेलवर फोन आला.

"बाबा, अठराला इथे पूजा आहे, तिकीट वीसचं करा ना. वीस एप्रिलला निघाले, वीस ऑक्टोबरला सिक्स मंथ्स. इट्स सिंपल."

"सहा महिने नाही, एकशे ऐंशी दिवस. सतराला भरतात. यल्ला, चल, बॅग भर."

"सगळे सिक्स मंथ्सच म्हणतात, बाबा. आय ॲम डूइंग इंजिनिअरिंग, मला मोजता येतं."

बाबा दहावी. माझं ते वाक्य मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते.

मग म्हणाले, "पूजेचं म्हणतेस ना? खंडेनवमीला मीसुद्धा आमच्या शिअरिंग मशिनवर फूल ठेवतो. बरं, आमच्या पीआरओला विचारतो." कंपनीची व्हिसाची कामं करणारा हा माणूस. त्याने सांगितलं, "दो-तीन दिन से क्या होता है, इन्शाल्ला नो प्रॉब्लेम." अमिरातीत जन्म गेलेल्या दोन माणसांना 'इन्शाल्ला नो प्रॉब्लेम'चा अर्थ कळायला हवा होता. आम्ही दोघांनीही तो सोयीचा घेतला आणि तिकीट बदललं.

कोलम एकवीस ठिपक्यांचा झाला. प्रिन्सिपल त्यावर पाय देऊन आत गेले. तरी मला फार आनंद झाला होता. त्या दिवशी मी कुठली, हे कुणीच विचारलं नाही.

वीस तारखेला सकाळी अबुधाबीला उतरले. पासपोर्टच्या काउंटरवर माझ्याच वयाचा एक अधिकारी होता. त्याने काहीतरी टाइप केलं, थांबला, पुन्हा टाइप केलं.

"वन एटी थ्री डेज, सिस्टर. रेसिडेन्स खलास."

"बट आय लिव्ह हिअर," मी म्हटलं.

"येस," तो म्हणाला. "बिफोर."

त्याला खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्याने फोन पुढे सरकवला. बाबा बाहेर कठड्याला टेकून उभे होते, मधे फार तर दोन भिंती. मी त्यांचा मोबाइल लावला.

"बाबा, माझं चुकलं."

"किती निघाले?"

"एकशे त्र्याऐंशी."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. मग विचारलं, "नाश्ता केलास का?"

आईने बाबांबरोबर पोह्यांचा डबा दिला होता, घरी पोचेपर्यंत भूक लागेल म्हणून. बाबांनी एअरलाइनच्या एका मल्याळी बाईंना विनवून तो आत पाठवला. दुपारच्या विमानाने मला परत पाठवणार होते. मी खुर्चीवर बसून रडले आणि पोहे संपवले. डबा त्या बाईंनी घासून बाबांना परत नेऊन दिला.

डिसेंबरात बाबांनी माझ्यासाठी व्हिजिट व्हिसा काढला. फॉर्मवर नातं, मुलगी. येण्याचं कारण, भेट. पुन्हा रेसिडेन्स करू या, असं ते म्हणत होते. मीच नको म्हटलं, परत तीच धावपळ. आईने पाहुण्यांचा टॉवेल काढून ठेवला होता, आणि तो पाहुण्यांचा आहे हे लक्षात आल्यावर घाईघाईने बदलला. जिन्यात काकूंनी विचारलं, "सुट्टीला की व्हिसाला?" मी म्हटलं, "व्हिजिटला." काकू हसल्या नाहीत.

संध्याकाळी आई चहा टाकत होती. मी सहज कॅलेंडरची पानं मागे उलटली. ऑक्टोबर. सतराला १८० आणि लाल गोल. अठराला छापलेली खंडेनवमी आणि खाली पेन्सिलने १८१, जरा दाबून. मग १८२, १८३. म्हणजे बाबा मोजत होतेच. वीसच्या चौकोनात, आकड्याच्या शेजारी, त्यांच्या सरळ अक्षरात लिहिलं होतं, 'आली'. एअरपोर्टला निघण्याआधीच लिहिलेलं असणार, कारण नंतर ते लिहायला काही कारण उरलं नव्हतं.

बाबा वर्कशॉपमधून आले, सेफ्टी शूज दाराशी काढले.

"बाबा, हे खोडायचं राहिलंय."

त्यांनी जवळ येऊन पाहिलं. मग पान उलटून पुन्हा डिसेंबर केला.

"राहू दे," म्हणाले. "आलीच होतीस की."