तीताचं लाबोंग

लेकीच्या शाळेत शुक्रवारी शेअर्ड लंच होतं. प्रत्येक मुलाने घरचं काहीतरी न्यायचं. मी विचारलं, थालीपीठ करू की साबुदाणा वडे? ती म्हणाली, "लाबोंग, आई. फ्रॉम अवर हाउस."

लाबोंग आमच्या घरचं नाहीच. ते इथे परदेशात, मनुरेवा या उपनगरात, आमच्या फिलिपिनो शेजारणीच्या घरचं. मी ऑफिसातून सुटेपर्यंत लेक तिच्याकडे असते आणि तिला तीता म्हणते, म्हणजे मावशी. बांबूचे कोवळे कोंब नारळाच्या दुधात शिजवलेले, त्यात खारवलेल्या कोळंबीचा गोळा, असं ते कालवण. माझ्याकडे पोह्यातला कांदा वेचून ताटाच्या कडेला लावणारी ही मुलगी तिथे वाडगा चाटूनपुसून साफ करते. घरी आल्यावर आमटीभात पुढे केला की "नॉट हंग्री." मला जळफळाट होतो, सरळ सांगते. पोर कुठेतरी पोटभर जेवते यातच आईने समाधान मानावं, हे मला कोणी शिकवू नये.

मग मी लाबोंग घरीच करायचं ठरवलं. शेजारणीला विचारायचा प्रश्नच नव्हता. तिचा बांबू कुंपणाखालून आमच्या अंगणात घुसतो, आणि दर वर्षी नवरा त्याच्या नावाने बोटं मोडत कोंब उपटून फेकतो. या वेळी ते मी उपटले. सोलले, चिरले आणि कुकरला लावले. उकडल्याचं पाणी मी कधी ओतून देत नाही. सगळं सत्त्व त्यातच असतं, असं आमच्याकडे प्रत्येक बाई पुढचीला सांगत आलेली. तेच पाणी मी नारळाच्या दुधात घातलं. शेवटी राहवेना म्हणून वरून हिंग-मोहरीची फोडणीही दिली.

चाखलं तर कडूजहर. गूळ घातला. तरी कडूच. वाटलं, हे असंच लागत असेल. शेजारणीचं मी कधी तोंडातही घातलं नव्हतं. तिच्याकडून डबा आला की तो नवऱ्यापुढे सरकवायचा, हा माझा शिरस्ता.

लेकीने पहिला घास घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. ती जरा थांबली, घोटभर पाणी प्यायली आणि मुकाट्याने सगळा वाडगा संपवला.

"इट्स नाइस, आई. थँक यू."

घरात जेवून उठताना ती थँक यू कधीच म्हणत नाही. पण तेव्हा मला ते कुठलं सुचायला. मी नुसती हवेत होते. नवऱ्याला दोनदा ऐकवलं, बघ म्हणून. शुक्रवारी माझंच लाबोंग जाणार, हेही ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला आणायला गेले. शेजारणीचं मागचं दार उघडंच असतं. पायरीवर जॅन्डल, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढत होते, तेवढ्यात आतून लेकीचा आवाज आला.

"इट वॉज हीप्स बिटर, तीता. बट डोन्ट टेल आई. शी ट्राइड सो हार्ड."

मी तिथेच थबकले. लाबोंग गेलं चुलीत. माझ्या पोरीचं गुपित, तेही माझ्यापासून लपवायचं, आणि ठेवलं कुणापाशी तर हिच्यापाशी. मला थँक यू आणि हिला खरं काय ते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मुद्दाम दार वाजवून आत गेले. लेक माझ्याकडे न बघता दप्तर भरायला लागली. शेजारणीला मी म्हटलं, काल मीही लाबोंग केलं होतं, कसं झालं ते कळलंच असेल.

तिने क्षणभर लेकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून हसली.

"यस, शी टोल्ड मी," ती म्हणाली. "शी सेड इट वॉज व्हेरी नाइस."