सत्कार झाले, गाणं राहिलं

मंडळी, डोकं फिरलंय माझं, म्हणून आल्याआल्या लिहून राहिलो.

आज दुपारी अमरावतीत आपल्या भागातल्या एका बँडचा कार्यक्रम होता. तेल्हाऱ्याहून चौघं जण सगळं सामान घेऊन सकाळच्या एसटीनं आले होते. वैष्णवी गाते आणि गाणी लिहितेही तीच, आपल्या वऱ्हाडीत. तीन नवी गाणी बसवून आणली होती.

चारला कार्यक्रम सुरू झाला तो सत्कारानं. पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांच्या मित्रांचा, हॉल देणाऱ्याचा, अगदी माईकवाल्याचासुद्धा! प्रत्येकाला शाल, नारळ आणि प्रत्येकाचे ‘दोनच शब्द’. बँड आपला गिटार गळ्यात अडकवून कोपऱ्यात उभा.

सहाला हॉल सोडायचा होता. सहाला दहा कमी असताना आयोजक वैष्णवीला म्हणाले, “बेटा, एकच म्हण. अन् लोकायले माहीत असलेलं म्हण, हिंदीतलं.”

तिनं सरळ नाही म्हटलं आणि वायरी गुंडाळायला घेतल्या.

बाहेर तिला गाठून मी तावातावानं म्हणालो, “हे लोक कधी सुधरतीन वं?”

ती शांतपणे म्हणाली, “दादा, तुमीबी तं शाल घेतली.”

घेतली होती. ‘स्थानिक संगीताचे चाहते’ म्हणून. आणि स्थानिक बँडला मंच मिळाला पाहिजे, यावर माईक धरून चांगला पंधरा मिनिटं बोललो होतो.

तुमच्यातले कितीतरी जण समोरच बसले होते. एकालाही ओरडता आलं नाही का रे, “भाऊ, बसा आता खाली, तिले गाऊ द्या”?