दोन बोटांचं माप

धक्क्याच्या तोंडाशी एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची असे. तिचा एक पाय मोडका, जाळ्याच्या दोऱ्यानं बांधलेला. त्या खुर्चीवर आत्या बसायची. ती खरी आत्या फक्त भावाच्या मुलांची, पण वस्तीनं तिला सगळ्यांचीच आत्या करून टाकलं होतं. सगळ्यांच्या माणसाचं एक बरं असतं, त्याला सांभाळावं कुणालाच लागत नाही.

नवऱ्यानं टाकल्यापासून ती धाकट्या भावाकडे, मागच्या खोलीत राहत होती. खोली मुळात जाळी ठेवायची. जाळ्यांनी थोडं सरकून तिला जागा दिली, एवढंच. चाळीस वर्षं तिनं वस्तीतली जाळी विणली आणि सांधली. जाळ्याच्या एकेका भोकाला डोळा म्हणतात. सगळे डोळे सारखे यावेत म्हणून बाकीचे लाकडी पट्टी वापरत. आत्या डाव्या हाताची दोन बोटं जोडून त्यांवर दोरा फिरवी. पट्टी हरवते, बोटं हरवत नाहीत, असं तिचं म्हणणं.

मग समोरचं पाणी रिकामं होत गेलं. होड्या पहाटे जात आणि करंगळीएवढी पिल्लं घेऊन परत येत. लिलाववाला टोपली उचलून म्हणायचा, "हे खायचं की चष्मा लावून शोधायचं?" पिल्लं मोठी होण्याआधीच आपण ती ओढून आणतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रत्येकाला ते शेजाऱ्याच्या जाळ्याबद्दल ठाऊक होतं.

शेवटी बर्फाच्या शेडमध्ये बैठक बसली. पिल्लं निसटून जातील इतका मोठा डोळा प्रत्येकानं ठेवायचा, हे पहिल्या तासात ठरलं. इतका म्हणजे किती, यावर तीन दिवस गेले. एकजण काडेपेटी म्हणाला, दुसरा म्हणाला कुणाची काडेपेटी. सरकारी मापाचं नाव निघताच सगळे एकदम हसले, तेवढ्यापुरती एकी झाली. तिसऱ्या दिवशी लिलाववाल्यानं बसलेल्या घशानं सांगून टाकलं, "आत्याची दोन बोटं. सगळ्यांची जाळी तिच्या हातची. आणि तिची स्वतःची होडी नाही, म्हणजे लबाडी करायला जागाच नाही."

काही नसण्याचा इतका जाहीर गौरव क्वचितच कुणाच्या वाट्याला येतो.

नियम असा झाला: समुद्रावर जाण्याआधी प्रत्येक जाळं आत्यापुढे पसरायचं. तिची दोन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत अलगद गेली तर होडी सुटली. अडली तर ते जाळं आठ दिवस धक्क्यावरच्या खांबाला टांगायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाहावं म्हणून. आत्याला खुर्ची मिळाली. ज्यांनी आजवर तिला 'जरा सरक' एवढंच म्हटलं होतं, ते आता 'बघता का जरा' म्हणू लागले. भावजय घरातला पहिला चहा तिला देऊ लागली. जाळं भावाचंही होतंच की.

दोन वर्षं सुरळीत गेली. तिसऱ्या वर्षी जाळी अडायला लागली.

"आत्या, जाळं तेच, बोटं तीच, मग अडतं कुठं?"

"तुझ्या दानतीत."

माणसं शिव्या घालत घरी जात आणि डोळा मोठा करून परत येत. काही महिन्यांनी तोही अडे. नायलॉन आटतं, अशी एक समजूत पसरली. विकणारा फसवतो, अशी दुसरी. आत्याच्या बोटांवर कुणी संशय घेतला नाही. ज्याला एकदा माप मानलं, त्याला मोजायचं कशानं?

आत्याला मात्र ठाऊक होतं. सकाळी तिची मूठ वळत नसे. मधल्या बोटाचं पेर सुपारीसारखं टणक झालं होतं. मागच्या खोलीत ती गरम पाण्याच्या तांब्यात बोटं बुडवून बसायची आणि दार लोटून घ्यायची. दवाखान्यात गेलं तर विचारपूस होणार. बोटं बिघडली हे ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी खुर्ची जाणार, आणि उरणार ती ही खोली. म्हणून ती कळ सोसत होती. लोकांना वाटे, काय करारी बाई आहे, तोंड बघा कसं.

चौथ्या वर्षी भावाचं जाळं अडलं.

"ताई, अगं, तूच विणलंयस हे!"

"विणलं मीच. जात नाही त्याला मी काय करू?"

"माझं जाळं खांबावर टांगतेस आणि जेवायला माझ्याच घरी येतेस?"

"आज उशिरा येईन."

धक्का हसला. जाळं टांगलं गेलं. वस्तीत तिचा शब्द आता कायद्याच्याही वर गेला. भावानं मात्र तीन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं.

एव्हाना मासे परतले होते. करंगळीएवढे नव्हे, कोपरापासून मनगटापर्यंतचे. ही बातमी फिरत फिरत शहरात पोहोचली आणि एक अभ्यासक बाई पोलादी मोजपट्टी घेऊन आली. खांबाला टांगलेलं जाळं दिसताच तिनं आधी तेच मोजलं. मग धक्क्यावरची उरलेली मोजली. दोनदा.

"सरकारी नियमापेक्षा किती मोठे ठेवलेत तुम्ही डोळे!" ती म्हणाली. "हे टांगलेलंसुद्धा नियमात बसतं. हे माप काढलं कुणी?"

सगळ्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. बाईनं आत्याचा हात हातात घेतला, आणि तिला मोजपट्टी लावायची गरजच पडली नाही.

त्याच दुपारी शेडमध्ये बैठक. आत्या दाराशी उभी.

"म्हणजे दोन वर्षं आम्ही हिच्या सुजेला जाळी विणत होतो!" एकजण ओरडला.

"कपडे पिळता येत नव्हते त्यांना," भावजय मागून म्हणाली. "मला वाटलं, वन्संना खुर्ची चढली."

मूळ मापाकडे परत जाऊ, असं काहींनी म्हटलं. पण मूळ माप होतं कुठे? ते बोटांत होतं, आणि बोटं तर ही अशी. मग लिलाववाला उठला. "सूज हिला आली आणि बाळसं माशांनी धरलं. कुणाची तक्रार आहे?" तक्रार कुणाचीच नव्हती. ज्यांची जाळी टांगली गेली होती, तेसुद्धा गप्प बसले, कारण शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात त्यांचेच मासे बर्फात पडले होते. सुजलेलं माप कायम करायचं ठरलं. सुताराला बोलावलं. त्यानं आत्याची बोटं सुतळीनं मापली आणि तेवढ्याच जाडीची लाकडी खुंटी घडवली. खुंटी दोरीनं खांबाला बांधली.

"सुटलात बघा आत्या," अभ्यासक बाई म्हणाली. "आता औषध घ्या निवांत."

आत्या सुटली. भावानं स्वतः दवाखान्यात नेलं. गोळ्या लागू पडल्या, पेरं उतरली, मूठ वळू लागली. खुर्ची तिला घरी नेऊ दिली. मागच्या खोलीत जाळ्यांमध्ये ती खुर्ची मावेना, म्हणून आत्या उभी आणि खुर्ची आत, असंही काही वेळा झालं. चहा पुन्हा सगळ्यांचा झाल्यावर येऊ लागला. हात दुखत नाहीत ना, असं सगळे विचारत. दुखत नव्हते, हीच तर तक्रार होती.

पाऊसपाणी झालं. खुंटी खांबाला बांधलेली, वर लाटांचे तुषार. एका सकाळी भांडणाचा आवाज आला आणि सहा-सात जण खुंटी घेऊनच दाराशी आले.

"आत्या, लाकूड फुगलंय का बघ. सुतार नाही म्हणतो, पण तो ह्याचा मेहुणा."

"तुझी बोटं लाव शेजारी. तुझ्यावर विश्वास आहे."

बोटं लावण्यात अर्थ नव्हता, ती आता बारीक होती. हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, तिनं आणून दिलं नाही. तिनं खुंटी हातात घेतली. चाळीस वर्षांच्या हाताला क्षणात कळलं. फुगली होती, चांगलीच.

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. भाऊही होता, त्याचं नवं जाळं खांद्यावर.

"बरोबर आहे," आत्या म्हणाली. "पण लाकडाचा भरवसा नाही. रोज सकाळी कुणीतरी बघायला हवं."

माना हलल्या. भाऊ जाळं खाली ठेवून आत गेला, आणि खुर्ची उचलून बाहेर आला.