सव्वा महिन्याची घुटी

आनेकलच्या त्या खोलीतले दिवस आठवायला बसलो की मला अजूनही आधी पेंग येते. शेगडीतल्या ओव्याचा धूर, दाराला खोचलेली कडुनिंबाची डहाळी, न्हाऊन दुपट्यात निजलेली माझी मुलगी, शेजारी तिची आई, आणि भिंतीला टेकून मी. सव्वा महिना सासुरवाडीत ठाण मांडून बसलेला जावई. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात माझ्याबरोबर लेथवर उभे राहणारे फोनवर चिडवायचे, "अण्णा, घरजावई झालास की काय?" झालो म्हणायचो.

मला तिथे राहणं भागच होतं. बायकोला तिसरा महिना असताना सरकारी दवाखान्यात तिचं रक्त तपासलं, त्यात एचआयव्ही निघाला. तिथल्या समुपदेशक बाईंनी नवऱ्याला घेऊन यायला सांगितलं. बाकावर सगळ्या बायका, मी एकटा पुरुष. हात कुठे ठेवावेत तेही कळेना. माझंही रक्त तसंच निघालं. कुठून आलं, हे मला कुणी सांगायला नको होतं. लग्नाआधीची दोन वर्षं मी कसा वागलो, ते मला ठाऊक होतं. बसस्टॉपवर आल्यावर मी ते तिला सांगून टाकलं. तिनं दोन बस सोडल्या. मग म्हणाली, "माझ्याशी नंतर बोला. आधी हिला वाचवा." पोटात मुलगीच आहे, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. ते नंतरचं बोलणं बरेच दिवस राहूनच गेलं.

बाईंनी नीट समजावलं. दोघांनी रोज गोळी घ्यायची, एकही दिवस चुकवायचा नाही. जन्मल्यावर बाळाला सहा आठवडे रोज एक पातळ औषध, आणि सहा महिने फक्त आईचं दूध. मध नाही, पाणी नाही, घुटी नाही. दुधाबरोबर वरचं काही पोटात गेलं तर धोका वाढतो. बाळंतपण दवाखान्यात सुखरूप पार पडलं. पण पुढे बाळंतिणीनं माहेरी जायचं, ही रीत. तिथे आजाराचं कुणाला सांगितलं नव्हतं, मग आईपुढे लेकीचं काय चालणार? जावयाचं मात्र चालतं. जावयानं रुसावं आणि सासरच्यांनी झेलावं, हे आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. तो मान मी पहिल्यांदा वसूल केला.

पहिल्याच दिवशी सासूबाई मधात बोट बुडवून बाळाकडे वळल्या आणि मी त्यांचं मनगट धरलं. सासूचं मनगट!

"आमच्या कुळाला मध चालत नाही. देवीचा नवस आहे," मी ठोकून दिलं. देवी बिचारी, तिलाही ते तेव्हाच कळलं असेल.

"सरी, असू दे," त्या नाराजीनं म्हणाल्या. "मग घुटी तरी?"

"घुटी मी उगाळणार. मीच पाजणार."

"अय्यो! बाप्या माणूस घुटी उगाळणार?"

"दवाखान्यात बापांना शिकवलंय."

मग रोज सकाळी मी सहाण घेऊन बसायचो. हळकुंडाचे दोन वेढे, वेखंडाचा एक, बदाम, खारीक, जायफळ. सासूबाई दारातून वेढे मोजायच्या आणि शेजारणींना हाक मारून तमाशा दाखवायच्या. मी वाटी घेऊन त्यांच्याकडे पाठ करायचो, बिनसुईच्या पिचकारीनं बाळाच्या गालाच्या आत औषध सोडायचो, आणि घुटी? ती मीच चाटून टाकायचो. सव्वा महिना. लहानपणी आईनं हयगय केली असेल तर ती कसर पुरती भरून निघाली.

जायफळामुळे असेल, मला दिवसभर गुंगी असायची. धुरात सगळं मऊ दिसायचं. मुलीचे केस, बायकोचा तापत्या शेगडीजवळचा हात, खिडकीबाहेरची तुतीची हिरवी पानं. पेंगता पेंगता मला मुलगी मोठी झालेली दिसायची, दोन वेण्या घालून बसची वाट बघत उभी, पण नेहमी पाठमोरी. मी हाक मारायचो आणि ती वळायच्या आत जागा व्हायचो. जागा झालो की आधी तिचे ओठ तपासायचो, कुणी काही लावलं तर नाही ना. एकदा शेजारच्या अक्का "स्वल्प साखरपाणी" म्हणत वाटी घेऊन आल्या, तेव्हा मी इतका ओरडलो की सासूबाई चुलीपाशी जाऊन रडल्या. माझी तापट म्हणून ख्याती झाली ती तेव्हापासून. सव्वा महिना संपताच मी दोघींना घरी आणलं. सासूबाईंना लेक पाचव्या महिन्यापर्यंत हवी होती. निघताना त्यांनी लेकीची ओटी भरली, माझ्याकडे मात्र पाठ फिरवली.

दीड वर्षानं शेवटची तपासणी झाली. बाईंनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "मुलीला लागण नाही." वर म्हणाल्या, "तुमच्यासारखे नवरे या बाकावर बसले तर माझं निम्मं काम होईल." मी फुशारून गेलो. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. पेढे घेतले आणि दोघींना घेऊन तडक आनेकलची बस धरली. बस चालली होती की तरंगत होती, देव जाणे.

"पेढे कसले?" सासूबाईंनी एक उचलत विचारलं. मी पगारवाढ सांगणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "आई, बैस. आता खोटं पुरे झालं." तिनं सगळं सांगितलं. रक्त, औषध, नवस, घुटी. फक्त कुणाकडून आलं, तेवढं सोडून. अंगणात मुलगी कोंबडीमागे पळत होती. मी मान खाली घालून उभा होतो, पण खरं सांगतो, कौतुकाची वाट बघत होतो. आता म्हणतील, जावईबापू, तुम्हाला उगाच बोल लावला.

सासूबाईंनी नातीकडे बघत हात जोडले. मग वळून विचारलं, "तिला नाही, सरी. आणि माझ्या मुलीला? अजून आहे?"

सव्वा महिना मी माझ्या लेकीवर पहारा दिला होता. त्याच खोलीत या बाईचीही लेक निजलेली होती, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

बायको तोंड उघडणार, तोच मी तिला थांबवलं. "आहे," मी म्हणालो. "रोज गोळी घेते. बरी आहे, बरीच राहील. पण आहे. माझ्याकडून गेलं ते."

त्यांनी हातातला पेढा परत डब्यात ठेवला. मग लेकीजवळ गेल्या आणि ताप बघतात तसा तिच्या कपाळावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या.