वासाची सवय

“हिलाच ठेवा गॅसपाशी. यांच्या लोकांना वासाची सवय असते.”

सर हे माझ्याबद्दल, माझ्या आईसमोर बोलले. नांदेडच्या त्या प्रयोगशाळेच्या दारात ती डबा घेऊन उभी होती. लेक संशोधन करते म्हणजे नेमकं काय करते, ते बघायला मुरुडहून एसटीने आलेली. आई गावात गटारं काढायची. सरांना ते ठाऊक होतं. सगळे हसले. आईही हसली. हात जोडून म्हणाली, “हाव सायेब.”

मी मान खाली घातली.

जिन्यात डबा उघडताना तिने विचारलं, “माझा वास येत व्हता का गं?”

“जेव तू.” बाळांनो, तुमच्या पणजीला मी एवढंच म्हणाले.

माझं काम असं होतं. डिझेलमधलं गंधक काढायला ॲल्युमिनाच्या दाण्यांवर बसवलेलं मॉलिब्डेनम धातूचं संयुग लागतं. पण ते आधी निपचित असतं. दाणे तापवून त्यांवरून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडला, की ते स्वतः गंधक घेतं आणि जागं होतं. हे जागं होणं मी लेसरच्या उजेडात टिपायची. पडद्यावरच्या आलेखात ऑक्साइडचं, म्हणजे निपचित रूपाचं, शिखर खचत जायचं. पलीकडे सल्फाइडची, गंधक घेतलेल्या रूपाची, दोन शिखरं उगवायची. इतकं सुंदर मी दुसरं काही पाहिलं नाही. सर काचेबाहेरून बघायचे.

त्या भेटीच्याच महिन्यात आई गेली. अचानक. तेराव्यानंतर मी कामावर आले. एका दुपारी शिखरं उगवत होती आणि वास एकदम थांबला. भिंतीवरचा धोक्याचा लाल दिवा मात्र पेटलेला. मी वायू बंद केला. बाहेर येऊन सरांना सांगितलं.

“वास गेला ना? मग बंद का केलंस? उद्या पाहुणे येतायत. जा आत. तुला काय, सवय आहे.”

“सर, या वायूची सवय होत नाही. आधी नाक मरतं, मग माणूस. आज तुम्ही जा आत.”

या वेळी कुणी हसलं नाही. सर आत गेले नाहीत. पुढे शोधनिबंध छापून आला. आलेख माझे होते, नाव नव्हतं.

परवा फोनवर तुमच्यातली थोरली म्हणाली, “ऑफिसात आपल्या लोकांवर बोलतात तसं, आजी. सवय झालीय.” म्हणून हे लिहिलं.

पोरी, आईला उत्तर द्यायचं माझं कायमचं राहिलं. त्याची मला माफी नाही. तू उद्या कामावर जाशील. मान वर कर. तिथेच, सगळ्यांसमोर उत्तर दे. मग मला फोन कर.